प्रकाशाचे ऋण

मनुष्य जन्मास येतो तो तीन ऋणे माथ्यावर घेऊनच, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. देवऋण यज्ञाने, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असा त्याचा हिशेबही त्यांनी लावून दिला. पहिल्या दोहोंविषयी आम्ही फारसा विचार केलेला नाही. एकाची काळजी आमच्या मातोश्री वाहतात आणि दुसऱ्याची फेड आमची दोन अपत्ये घरभर धिंगाणा घालून रोज करीत असतात. तिसऱ्या ऋणाचा प्रश्न मात्र गेल्या भाद्रपदापासून आमच्या मनात ठाण मांडून बसला आहे. ज्याला विद्या मिळाली, पण त्या विद्येचे ज्याने पुढे काहीच केले नाही, त्याचे ऋषिऋण फिटले काय? अध्ययन संपले म्हणजे ते खाते बंद झाले, की तेथूनच ते उघडले?

हा प्रश्न आमच्यापुढे एखाद्या शास्त्रग्रंथातून आला नाही. तो आला चंडीगढमध्ये संशोधन करणाऱ्या एका मराठी तरुणाच्या तोंडून. आणि त्याला उत्तर देताना आमच्या हातून जे घडले, ते सांगितल्यावाचून आम्हांला चैन पडणार नाही.

प्रथम आमच्याविषयी दोन शब्द. आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर. पुढे शिकावे, प्रयोगशाळेत आयुष्य घालवावे, अशी एके काळी इच्छा होती. घरची ओढगस्त पाहून स्पर्धापरीक्षेला बसलो, उत्तीर्ण झालो, आणि केंद्र सरकारच्या एका कचेरीत लिपिक म्हणून या शहरी येऊन पडलो. त्याला आता आठ वर्षे होत आली. टिपणी लिहिणे, मसुदा करणे, आवक-जावक पाहणे, हे आमचे नित्यकर्म. या मासिकाच्या बहुतेक वाचकांना त्याचे अधिक वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

हे शहरही मोठे चमत्कारिक आहे. फाळणीत लाहोर गेले, म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी झाली आणि शिवालिकच्या पायथ्याशी ही नगरी उभी राहिली. तिचा शिल्पकार ल कॉर्बुझिए याने येथे विटा-सिमेंटइतकाच विचार उन्हाचा केला. सचिवालयाच्या दर्शनी भागावर त्याने सूर्यकिरण अडविणारे खोल कप्पे बसविले. विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये तर त्याने एक छायेचा मनोरा योजला. त्यात कोणी राहत नाही, कोणी बसत नाही, ऊन कोठून आत घ्यावे आणि कोठे अडवावे एवढे दाखविण्यासाठीच तो आहे. २०१६ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशात घेतला. त्या दुपारी ओळखपत्रे दाखवून आम्ही सहकुटुंब तेथे गेलो होतो, आणि आमच्याबरोबर तो तरुण होता.

तो मराठवाड्यातला. येथील एका संशोधनसंस्थेत डॉक्टरेटसाठी काम करतो. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख झाली, आणि तेव्हापासून रविवारचे जेवण आमच्याकडे, असा परिपाठच पडला. आम्हांला तो दादा म्हणतो, आमच्या सौभाग्यवतींना वहिनी. छायेच्या मनोऱ्यात उभा असताना तो अचानक म्हणाला, “दादा, तुमच्या खात्याच्या परीक्षेचे अर्ज निघाले आहेत. भरू का?”

त्याचे पाचवे वर्ष चालू होते. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती, प्रबंधाची अजून दोन प्रकरणे बाकी होती, आणि घरी धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते. वडिलांनी फोनवर एवढेच विचारले होते की, पाच वर्षे तू उजेडाकडे पाहतोस, त्यातून कोणाला काय मिळाले? त्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

आम्ही तत्काळ उत्तर दिले, “भर. वेळ घालवू नकोस.” सांगताना आवाजात वडीलकीचा जो भाव आला, तो आमचा आम्हांलाच फार आवडला. सौभाग्यवतींनी मात्र आमच्याकडे एकवार पाहिले आणि त्या मुलांना घेऊन पुढे गेल्या.

त्याचा अभ्यासविषय असा. मोठमोठ्या, गुंतागुंतीच्या रेणूंवर प्रकाश पडला की त्या प्रकाशाचे पुढे काय होते, हे तो पाहतो. या घटना इतक्या त्वरेने घडतात की त्या मोजण्यास फेम्टोसेकंद हे परिमाण लागते. एका सेकंदाला जितकी फेम्टोसेकंदे, तितकी सेकंदे मोजू गेल्यास सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षे लागतील. इतक्या अल्प अवधीचे लेसरचे स्पंद टाकून रेणूच्या अंतरंगातील हालचाल टिपण्याची विद्या अहमद झेवैल यांनी सिद्ध केली, आणि त्यासाठी त्यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रेणूने प्रकाशाचा एक कण गिळला की तो उत्तेजित होतो. ही स्थिती त्याला फार काळ धरून ठेवता येत नाही. मिळालेली शक्ती कोठे तरी टाकावीच लागते. त्याचे मार्ग मुख्यतः चार. एक, ती पुन्हा प्रकाशरूपाने बाहेर टाकावी. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. दोन, थरथरून ती उष्णतेत घालवावी. तीन, तिच्या बळावर स्वतःचे रूप पालटावे किंवा रासायनिक क्रियेत भाग घ्यावा. चार, ती शेजारच्या रेणूच्या स्वाधीन करावी. आवक एक, जावकीच्या वाटा चार.

हे आम्हांला नीट कळावे म्हणून त्याने त्याच संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात एक प्रयोग केला. पालकाची मूठभर पाने खलबत्त्यात कुटली, ती स्पिरिटमध्ये कालवून गाळून घेतली, आणि तो हिरवागार अर्क काचेच्या बाटलीत भरला. मग दिवा मालवून नोटा तपासण्याचा जांभळा दिवा त्यावर धरला. आमची सातवीतली कन्या ओरडलीच. हिरवा अर्क रक्तासारखा तांबडा उजळला होता. हा चमत्कार डेव्हिड ब्रूस्टर याने १८३४ मध्येच नोंदवून ठेवला आहे. पण तोच दिवा पालकाच्या अखंड पानावर धरला, तेव्हा पान काळेच राहिले.

“असे का?” कन्येने विचारले.

तो म्हणाला, “कारण बाटलीतला रेणू एकटा पडला आहे. घेतलेला प्रकाश द्यायला त्याला शेजारी नाही, म्हणून तो चमकतो. पानातला चमकत नाही, कारण तो कामात आहे.”

मग त्याने पानाच्या आतील व्यवस्था सांगितली. हरितद्रव्याचे सगळेच रेणू अन्न तयार करण्याच्या क्रियेस प्रत्यक्ष हात लावीत नाहीत. १९३२ साली इमर्सन आणि आर्नोल्ड या दोघांनी शेवाळावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकून प्रयोग केले. प्राणवायूचा एक रेणू निघण्यास हरितद्रव्याचे सुमारे अडीच हजार रेणू लागतात, असा हिशेब त्यांतून निघाला. त्याचा उलगडा पुढे झाला. रासायनिक कार्य करणारे केंद्र एखादेच असते; त्याच्या सभोवती काही शेकडा रेणू ऊन वेचण्याचेच काम करतात. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ती शक्ती हातोहात केंद्रापर्यंत पोचते आणि वाटेत फारच थोडी गळते. द्रावणातील एकटे हरितद्रव्य घेतलेल्या प्रकाशापैकी शेकडा तीसपर्यंत प्रकाश चमकून परत देते. जिवंत पानात हे प्रमाण शेकडा एकदोनच भरते.

आम्ही ऐकून हर्षित झालो, हे कबूल केले पाहिजे. आठ वर्षे जे सांत्वन आम्ही शोधीत होतो, ते पालकाच्या पानात सापडले होते! आम्ही त्याला म्हणालो, “पाहिलेस? अन्न करणारा रेणू एक, आणि पोचविणारे शेकडो. आम्ही लिपिक मंडळी तेच करतो. एकाकडून घ्यायचे, दुसऱ्याकडे द्यायचे. पान त्यावरच जगते. तूही ये आमच्यात. त्यात कमीपणा कसला?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग नम्रपणे म्हणाला, “दादा, पण तो रेणू प्रकाश पुढे देतो. तुम्ही रसायनशास्त्र शिकलात, ते कोणाला दिलेत?”

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. त्याच्या प्रश्नात उर्मटपणा नव्हता. असता तर बरे झाले असते, रागावून मोकळे होता आले असते. अंधारात पडल्या पडल्या आम्ही आमच्याच उत्तराची छाननी केली, आणि जे दिसले ते सुखावह नव्हते. ‘अर्ज भर’ हा सल्ला आम्ही त्याच्या बहिणीच्या लग्नाकडे पाहून दिला नव्हता. तो नोकरीत आला असता तर आमचा बारा वर्षांपूर्वीचा निर्णय शहाणपणाचा ठरला असता, आणि तो डॉक्टर झाला असता तर आमच्या निर्णयावर एक प्रश्नचिन्ह रविवारी रविवारी घरी जेवायला आले असते. व्यवहारज्ञानाचा अंगरखा घालून आमचा स्वार्थच बोलला होता. सौभाग्यवतींच्या त्या एका दृष्टिक्षेपाचा अर्थ आम्हांला आता लागला.

मग आम्ही दुसऱ्यांच्या आयुष्यांकडे पाहिले. इंदूरला १९११ साली जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या विदुषी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादून १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाश रेणूंवरून विखुरताना त्याचा रंग कसा बदलतो हे दाखवून तीनच वर्षांपूर्वी, १९३० मध्ये, त्यांनी नोबेल पारितोषिक मिळविले होते. प्रकाशाची इतकी सूक्ष्म पारख असलेल्या या पुरुषाने ‘मुलगी’ म्हणून त्यांना नाकारले. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले; त्या कसोटीला उतरल्या, आणि पुढे इतर मुलींनाही ते दार उघडले.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. डेव्हिड कीलिन याने १९२५ च्या सुमारास वर्णपटदर्शकातून जिवंत स्नायू व किण्व पाहताना त्या वर्णपटात चार काळे पट्टे ओळखले होते. जो प्रकाश परत आला नाही त्याच्या जागी उरलेली ती खूण होती, आणि त्या खुणेवरून सायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्यांचा शोध लागला. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करीत असता कमलाबाईंनी दाखविले की, सायटोक्रोम सी हे द्रव्य प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या पेशींतही असते. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता. त्यानंतर त्या स्वदेशी परतल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात शिकविले, कुन्नूरला पोषणावर संशोधन केले, आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेत असताना गोरगरिबांच्या पोषणासाठी नीरेचा अभ्यास केला.

आता या सायटोक्रोम सीचे पेशीतले कार्य काय? ते स्वतः काही घडवीत नाही. एकाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि पुढल्याच्या हाती द्यायचा, एवढेच. पण ते थांबले तर श्वास थांबतो. म्हणजे पोचविणाऱ्याचे काम हलके नाही, ही आमची समजूत खोटी नव्हती. तिचा उपयोग आम्ही खोटा केला होता.

दुसरे उदाहरण या पंजाबचेच. हरगोविंद खुराना यांचा जन्म मुलतान जिल्ह्यातील रायपूर या जेमतेम शंभर वस्तीच्या खेड्यातला. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडील तलाठी. सारा-वसुलीच्या वह्या लिहिणारे सरकारी कारकून. गावात अक्षरओळख असलेले जवळजवळ हे एकच घर, आणि घरात दारिद्र्य. तरी मुलांना शिकवायचे हा त्या पटवाऱ्याचा निश्चय होता. मुलगा झाडाखालच्या शाळेतून लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पोचला, तेथून इंग्लंडला, पुढे अमेरिकेस. जनुकांची भाषा उलगडल्याबद्दल १९६८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तर आयुष्यात ते वळले प्रकाशाकडे. आपल्या डोळ्यांत ऱ्होडॉप्सिन नावाचे द्रव्य असते. प्रकाशाचा कण पडताच त्यातील वाकडा रेणू सुमारे २०० फेम्टोसेकंदांत सरळ होतो, आणि तेथून आपल्या पाहण्यास आरंभ होतो. हे द्रव्य कसे घडले आहे आणि कसे चालते, याच्या अभ्यासात खुरानांनी अनेक वर्षे घालविली.

फाळणीत ते विद्यापीठ दुभंगले. मूळ विद्यापीठ लाहोरलाच राहिले, आणि त्याच्या इकडील वारसाचा विस्तीर्ण परिसर आज चंडीगढमध्ये आहे. तेथून जाताना आम्हांला आठवण होते ती नोबेलविजेत्या मुलाइतकीच त्या कारकून बापाची. त्याने स्वतः कोणताही शोध लावला नाही. आपल्याला मिळालेली चार अक्षरे त्याने हातात धरून ठेवली नाहीत, एवढेच.

येथे एक शंका येईल, आणि ती आम्हांलाही आली. मग ज्याने परिस्थितीपुढे मान तुकवून संशोधन सोडले, तो दोषी काय? पुढच्या रविवारी आम्ही हे त्यालाच विचारले. तो म्हणाला, “नाही. पानावर दुपारचे ऊन झेपेनासे पडले की ते स्वतःच जास्तीची शक्ती उष्णतेत घालवू लागते. गाजराच्या रंगाच्या जातीची पिवळी द्रव्ये त्या कामी येतात. तसे न केले तर पान करपेल. दादा, सगळी उष्णता म्हणजे नासाडी नव्हे. काही वेळा ती जीव वाचवते.” हे सांगताना त्याचा चेहरा फार थकलेला दिसला, आणि हे उत्तर तो आम्हांला देत होता की स्वतःला, ते आम्हांला कळेना.

तेव्हा आमच्या मते निवाडा असा होतो. शोध लावणे हे प्रत्येकाचे ऋण नव्हे. सोडून देणे हेही पाप नव्हे. घरच्या माणसांसाठी मान तुकविणाऱ्यास कोणता धर्म दोष देईल? दोष दोनच ठिकाणी आहे. आपण जे सोडले त्याला हलके ठरविण्यासाठी दुसऱ्याने ते सोडावे असे वाटणे, हा एक. आणि हाती आलेले वेळेवर पुढे न देणे, हा दुसरा. उत्तेजित रेणूपाशी असतात अवघे काही अब्जांश सेकंद. तेवढ्यात शेजाऱ्याला दिले तर ते अन्न होते. अवधी टळला की मिळालेला प्रकाश कोठे गेला याचा मागमूसही उरत नाही.

या दुसऱ्या दोषाची कबुली आम्हांला येथेच द्यावी लागेल. दोन वर्षांपूर्वी गणपतीसाठी आम्ही गावी गेलो, तेव्हा एका विधवा बाईच्या निवृत्तिवेतनाचा कागद आमच्या टेबलावर अकरा दिवस पडून राहिला. सहकाऱ्याला दोन ओळी लिहून देऊन गेलो असतो तर तो पुढे गेला असता. बाई दोनदा कचेरीत येऊन गेल्या होत्या. कोणी आम्हांला जाब विचारला नाही; विलंबाचे कारण म्हणून ‘संबंधित लिपिक रजेवर’ एवढा शेरा पुरला. आम्ही स्वतःला पानातला पोचविणारा रेणू म्हणवून घेतले, त्या वेळी या अकरा दिवसांची आठवण आम्हांला झाली नव्हती. ती आता होते.

त्या तरुणाला आम्ही म्हणालो, “तुला दिलेला सल्ला आम्ही परत घेतो. तो चूक होता की बरोबर, हे अजूनही सांगता येत नाही. पण तो देणाऱ्याचे त्यात हित गुंतले होते. आता तुझे तू ठरव. वडिलांशी बोलायचे असेल तर आम्ही बोलतो, आणि जे ठरवशील त्यानंतरही रविवारचे पान मांडलेलेच आहे.” तो हसला. त्याने परीक्षेचा अर्जही भरला आणि प्रबंधासाठी सहा महिन्यांची मुदतवाढही मागितली. दोन्हीचा निकाल अजून यावयाचा आहे.

आमच्या घरात मात्र एक बदल झाला आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही कन्येला रसायनशास्त्र शिकवितो. पेटीच्या तळाशी असलेली आमची जुनी वही बाहेर निघाली आहे. पुष्कळसे विसरलो आहोत असे दिसून येते, आणि ती फार प्रश्न विचारते.

पालकाच्या अर्काची ती बाटली तिने खिडकीत ठेवली होती. चारच दिवसांत उन्हाने त्यातला हिरवा रंग उतरला आणि मातकट तपकिरी पाणी तेवढे राहिले. आता जांभळा दिवा धरला तरी ते पूर्वीसारखे उजळत नाही. खिडकीखालच्या कुंडीतला पालक तेच ऊन खात होता. त्याची पाने हिरवीच होती. परवा सौभाग्यवतींनी ती भाजीला काढली.